देवराईत पडलेल्या बेहड्याचं काय करायचं? एका गावाच्या निर्णयाचा अभ्यास

पार्श्वभूमी

3 जून 2020 च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूनं रायगडच्या किनाऱ्यावर चढलं. दोन-तीन तासांत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, पत्रे आणि कौलं उडाली, वीज गेली ती कित्येक आठवडे आलीच नाही. त्यात करोनाची टाळेबंदी. मुंबईहून आलेले चाकरमानी गावातच अडकलेले. या धामधुमीत किनाऱ्यापासून थोड्या आतल्या एका गावच्या देवराईत एक जुना बेहडा मुळासकट उपटून पडला. त्या एका झाडाचं पुढे काय करायचं, यावर गावानं कसा निर्णय घेतला आणि पाच पावसाळ्यांत त्या लाकडाचं काय झालं, याची ही नोंद आहे. गावाचं नाव आणि माणसांची ओळख मुद्दाम दिलेली नाही.

देवराई अडीच-तीन एकरांची. मधे देवीचं कौलारू देऊळ, मागून पऱ्या वाहतो. ऐन, किंजळ, सातवीण, जांभूळ, काजरा, आणि या सगळ्यांवर चढून बसलेली गारंबीची वेल. गावात जुना नियम असा की राईतलं वाळलेलं पानसुद्धा घरी न्यायचं नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी 1970 च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला तेव्हा असे कडक नियम त्यांना ठिकठिकाणी आढळले होते. या गावात हा नियम गेल्या तीसेक वर्षांत सैल पडत आला होता. होळीला सुकी फांदी, भंडाऱ्याला चार मोळ्या, असं चालू होतं. मोठं झाड मात्र कुणी कधी उचललं नव्हतं, कारण एवढं मोठं झाड कुणाच्या आठवणीत पडलंच नव्हतं.

बेहड्याला तिथे हेळा म्हणतात. याचा छातीच्या उंचीवरचा घेर 11 फूट, आणि पहिल्या फांदीपर्यंत सरळ खोड 40 फूट. सुमारे 25 फुटांवर एक ढोली होती. तिच्यात ककणेराची, म्हणजे धनेश जातीच्या पक्ष्याची, जोडी घरटं करायची, हे गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. मी तेव्हा तालुक्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते. माझा एक माजी विद्यार्थी त्या गावचा. त्याचा फोन आला, "मॅडम, वखारवाला आलाय. तुम्ही एकदा येऊन बघा."

अडचण

झाड पाखाडीवर आडवं पडलं होतं. देवळात जायची वाट बंद, देवळाच्या एका कोपऱ्याची कौलं आणि वासे मोडलेले. नवरात्राआधी दुरुस्ती हवी होती आणि गावाकडे पैसा नव्हता. बागा गेलेल्या, मुंबईच्या नोकऱ्या टांगणीला.

वखारवाल्यानं टेप टाकला. मधला घेर 9 फूट. घेराचा चौथा हिस्सा सव्वादोन, त्याचा वर्ग, गुणिले लांबी 40, म्हणजे दोनशे घनफुटांच्या वर माल. बेहड्याचं लाकूड टिकाऊ नाही. फळ्या, खोकी, पेट्या असल्या कामाला जातं. तरी तो चाळीस हजार द्यायला तयार होता, वाट मोकळी करून देण्याचं कबूल करून.

गावात तीन गट पडले. सरपंच आणि तरुणांचा मोठा गट म्हणत होता, विका आणि देऊळ बांधा. देवीचं झाड देवीच्याच कामी लागतंय, मग हरकत कसली? गुरव आणि दोन-चार मानकरी म्हणत होते, राईबाहेर काही जायचं नाही. तिसरा गट वाडीवाल्यांचा, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागा असलेल्यांचा. त्यांची भीती वेगळीच होती. झाड तसंच ठेवलं तर त्याला बुरशी लागणार, ती बुरशी उभ्या झाडांना आणि मग बागेत उरलेल्या माडांना लागणार. एका आजोबांनी आणखी एक मुद्दा काढला. नळाच्या गोष्टीत कली शिरतो तो बेहड्यात, तेव्हा हे लाकूड कुणी चुलीत घालू नये.

या सगळ्यात मला सर्वांत गंभीर वाटला तो वाडीवाल्यांचा मुद्दा, कारण तो निराधार नव्हता. नारळाच्या बुंध्यावर गॅनोडर्मा नावाची बुरशी येते आणि माड हळूहळू बसतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. त्यांना "बुरशी चांगली असते हो" असं सांगून चाललं नसतं.

समोरचे पर्याय

सगळं विकणं हा पहिला पर्याय. पैसा लगेच हातात. पण खोड ओढून न्यायला ट्रॅक्टर आत आणावा लागणार होता आणि त्यासाठी पऱ्याच्या काठची वाट रुंद करायची म्हणजे आणखी आठ-दहा लहान झाडं जाणार. शिवाय तोडीची आणि वाहतुकीची परवानगी, पंचनामा, सातबाऱ्यावर देवस्थानचं नाव असल्यानं सह्या कुणाच्या, हे सगळं आलंच.

दुसरा, गावातच वाटून घेणं. वीज नव्हती, गॅसची गाडी येत नव्हती, पावसाळा तोंडावर. सरपणाची गरज खरी होती.

तिसरा, काहीच न हलवणं. पाखाडीमुळे तो तसाच्या तसा शक्यच नव्हता.

चौथा मी सुचवला. वाटेवरचा तुकडा कापून बाजूला करायचा, मनगटाहून जाड फांद्या सरपणाला वाटायच्या, बाकी खोड आणि बारीक फांद्या जागेवर सोडायच्या.

सभेत एका कॉलेजच्या मुलानं माझी बाजू घेत सांगितलं की लाकूड ठेवलं तर कार्बन साठून राहतो. मला त्याला तिथेच अडवावं लागलं, कारण ते अर्धंच खरं होतं. कुजताना लाकडातला बराचसा कार्बन बुरशीच्या श्वासावाटे हवेतच जातो. 2021 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासानं सहा खंडांतल्या 55 जंगलांमध्ये लाकूड ठेवून मोजणी केली. जगभरच्या मृत लाकडातून दरवर्षी सुमारे 1,090 कोटी टन कार्बन सुटतो, असा त्यांचा अंदाज निघाला, आणि त्यातला साधारण 29 टक्के वाटा किड्यांमुळे. आमच्या सभेच्या वेळी हा आकडा हाती नव्हता, पण मुद्दा ठाऊक होता. चुलीत जे तासाभरात होतं तेच इथे दहा-पंधरा वर्षांत होतं. फरक पडतो तो मधल्या काळात त्या लाकडावर कोण जगतं आणि मातीत काय उरतं, याचा. आपल्या बाजूचा मुद्दा कच्चा असेल तर तो आपणच मागे घ्यावा, असं मला वाटतं. त्या दिवशी त्यामुळे समोरची माणसं माझं बाकीचं बोलणं ऐकून घ्यायला लागली.

निर्णय फिरला तो क्षण

खरं सांगायचं तर निर्णय माझ्या बोलण्यानं झाला नाही. वाट मोकळी करायची म्हणून करवत लावली, पहिला काप पूर्ण झाला, आणि खोड आतून पोकळ निघालं. हातभर रुंद पोकळी. तिच्या कडेचं लाकूड पांढुरकं, धाग्याधाग्यांचं, बोटानं ओढलं तर भिजल्या कापडासारखं सुटणारं. बाहेरचा वीतभर लाकडाचा पट्टा तेवढा घट्ट. वखारवाल्यानं आत हात घालून पाहिला आणि चाळीसाचे अठरा हजार केले. ट्रॅक्टरचं भाडं आणि गड्यांची मजुरी वजा जाता देवळाच्या वाट्याला फारसं काही उरणार नव्हतं.

ती पोकळी मला मात्र फार मोलाची वाटली. ढोलीच्या तोंडाशी ककणेराच्या मादीनं विष्ठेनं लिंपलेला कडा अजून शाबूत होता. आत पिसं होती, फळांच्या बिया होत्या, पिल्लं नव्हती. उडून गेली होती की वादळात गेली, ते कळायला मार्ग नाही. धनेश जातीच्या पक्ष्यांना सुतारपक्ष्यासारखं लाकूड कोरता येत नाही. त्यांना तयार ढोली लागते आणि ती तयार करते बुरशी. फांदी मोडते, जखम उघडी राहते, बीजाणू आत शिरतात, आणि खोडाचा गाभा वर्षानुवर्षं खाल्ला जातो. झाड तरीही जगतं, पालवतं, फळतं. कारण गाभ्याचं लाकूड मुळात मेलेलंच असतं. पाणी वर नेणारं लाकूड आणि साल, हे जिवंत काम बाहेरच्या पट्ट्यात चालतं.

म्हणजे आम्ही सभेत ज्याची चर्चा करत होतो, "आता झाडाला बुरशी लागेल का", ते कित्येक दशकांपूर्वीच झालेलं होतं. अख्ख्या गावाच्या डोळ्यांसमोर, त्याच उभ्या झाडात. आणि त्याच्या शेजारचे ऐन-किंजळ ठणठणीत होते. वाडीवाल्यांना मी तो काप दाखवला. माझ्या शब्दांपेक्षा त्या पोकळीनं त्यांची समजूत जास्त घातली.

काय केलं

गुरवांनी देवीला गाऱ्हाणं घातलं आणि पाकळ्या लावून कौल घेतला, चौथ्या पर्यायावर. उजवा मिळाला. देवळाच्या दुरुस्तीसाठी मुंबईच्या मंडळानं वर्गणी काढली. ती पूर्ण जमायला दुसरं वर्ष उजाडलं, आणि त्या वर्षीचं नवरात्र ताडपत्रीखाली झालं. ही किंमत गावानं मोजली, हे इथे लिहायला हवं.

पाखाडीवरचे 12 फूट कापून चार-चार फुटांचे तीन ओंडके केले. ते देवळासमोरच्या अंगणात दगडांवर मांडले, बसायला होतील म्हणून. बुंध्याकडचा वीसेक फुटांचा भाग पऱ्याच्या काठी, सावलीत, पडला तिथेच राहिला. शेंड्याकडचा आठ फुटांचा भागही तसाच. जाड फांद्या वाटल्या. ज्यांना चुलीत घालायच्या नव्हत्या त्यांनी नाही नेल्या. वाडीवाल्यांच्या मागणीवरून एक अट घातली, की राईतला एकही ओला किंवा कुजका तुकडा बागेत टाकायचा नाही, आणि जिवंत झाडाच्या बुंध्याला टेकून काही रचायचं नाही. ही अट मला आजही योग्य वाटते. पडक्या लाकडावरच्या बहुतेक बुरश्या जिवंत झाडाच्या वाटेला जात नाहीत, पण काही जातात. जखमी मुळं असलेल्या बागेत ती जोखीम कशाला घ्यायची?

लाकडात काय घडत गेलं

लाकूड हा मोठा कठीण घास आहे. त्यात 40-45 टक्के सेल्युलोज, म्हणजे साखरेच्या लांबच लांब साखळ्या. त्याच जातीची पण आखूड आणि फाटे फुटलेली हेमिसेल्युलोज. आणि पाव हिस्सा, कधी कमी कधी जास्त, लिग्निन. मातीच्या भिंतीत काथ्या आणि चिखल असतात ना, तसं समजा. सेल्युलोज हा काथ्या, लिग्निन हा वाळून दगड झालेला चिखल. अन्न काथ्यात आहे, पण चिखल फोडल्याशिवाय तिथवर पोचता येत नाही.

बुरशीला तोंड नाही, पोट नाही. केसाच्या दहाव्या-विसाव्या भागाइतके बारीक तंतू ती लाकडाच्या पोकळ पेशींमधून पुढे सरकवते, त्यांच्या टोकातून विकरं (एन्झाइम) बाहेर सोडते, अन्न बाहेरच विरघळवते आणि मग शोषते. सेल्युलोजला हे जमतं, कारण त्याची प्रत्येक कडी सारखी असते आणि ती तोडायला नेमकी बसणारी विकरं असतात. लिग्निनची जुळणी वेडीवाकडी, एक जोड दुसऱ्यासारखा नाही. तिथे नेमकं बसणारं काही चालत नाही. म्हणून पांढरी कुज करणाऱ्या बुरश्या हायड्रोजन पेरॉक्साइडच्या जोरावर काम करणारी पेरॉक्सिडेज विकरं वापरतात. ती लिग्निनमधून इलेक्ट्रॉन ओढून घेतात, मग तो रेणू स्वतःच अस्थिर होऊन जागोजाग तुटतो. हे लिग्निन पेरॉक्सिडेज 1983 मध्ये फॅनेरोकीट क्रायसोस्पोरियम या बुरशीत सापडलं. लिग्निन निघून गेलं की मागे उरतं ते पांढुरकं, धागेदार. आमच्या ढोलीच्या भिंतीवर होतं तेच.

तपकिरी कुज याच्या उलट. तिच्या बुरश्या लोह आणि पेरॉक्साइडच्या अभिक्रियेतून तीव्र कण तयार करून सेल्युलोज फोडतात आणि लिग्निन थोडंफार बदलून तसंच सोडतात. लाकूड विटकरी होऊन चौकोनी ढेकळांत तडकतं. देवदार-चीड अशा सूचिपर्णी लाकडावर ती जास्त. आमच्या राईत पाच वर्षांत मला ती कुठे ठळक दिसली नाही.

पहिल्याच पावसात, ऑगस्ट 2020 मध्ये, बुंध्याच्या सालीवर शायझोफायलम या बुरशीचे नखाएवढे केसाळ पंखे आले. ऊन पडलं की मिटायचे, सर आली की पुन्हा उघडायचे. मग डाल्डिनियाचे काळे गोळे, कोळशासारखे. एक फोडून मुलांना दाखवला, आत कांद्यासारखी वलयं. 2021 मध्ये कानासारखी लिबलिबीत तपकिरी अळंबी, आणि पिवळट देठावर कागदाइतक्या पातळ पेल्यासारखी उभी राहणारी मायक्रोपोरस. 2022 पासून मोठे, फळीसारखे थर.

या वर्षांतलं सगळ्यात देखणं दृश्य 2022 च्या दिवाळीनंतर दिसलं. शेंड्याकडच्या भागाचा एक तुकडा वाटेत येत होता म्हणून कापला. कापावर फिकट लाकडाचे नकाशासारखे तुकडे पडलेले, आणि प्रत्येकाभोवती शाईच्या टोकानं ओढल्यासारखी काळी रेघ. एकाच ओंडक्यात अनेक बुरश्या राहतात, आणि एकीचा तंतू दुसरीच्या हद्दीशी पोचला की दोघी तिथे घट्ट काळी भिंत घालतात. शेजारी उभ्या असलेल्या आजोबांनी पाहिलं आणि म्हणाले, "बांध घातलेत की गो यांनी!" मी दोन वर्षं वर्गात शिकवूनही जे नीट सांगू शकले नव्हते, ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं.

लाकडात नायट्रोजन नगण्य असतो. कार्बनच्या शेकडो वाट्यांना एक वाटा, इतका कमी. त्यामुळे बुरशी जुन्या तंतूंतला नायट्रोजन काढून नव्या टोकाकडे पाठवते, आणि ओंडका जमिनीला टेकलेला असेल तर मातीतूनही वर खेचते. बुंध्याखालची पानं बाजूला केली तर पांढऱ्या दोऱ्या ओंडक्यातून निघून पालापाचोळ्यात शिरलेल्या दिसायच्या. ही जमिनीशी जोडणी किती महत्त्वाची, ते आम्हाला आमच्या चुकीनं शिकवलं.

जिथे चुकलं

अंगणात मांडलेले तीन ओंडके. हौशीनं पोरांनी त्यांची साल काढली होती, मुंग्या-वाळवी नको म्हणून. वर ऊन, खाली दगड. दोन वर्षांत ते वाळून टणक झाले, टोकांना तडे गेले, आणि एवढंच. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पावसाच्या कोकणात! पावसाळ्यात भिजायचे, पण ऑक्टोबरच्या उन्हानं महिन्याभरात सुकायचे. लाकडात 20 टक्क्यांहून कमी ओल असेल तर बुरशी वाढूच शकत नाही. पेशींच्या भिंती पाण्यानं तृप्त व्हायला 30 टक्क्यांच्या आसपास ओल लागते, आणि खरं काम तिथून पुढे सुरू होतं. अंगणातल्या ओंडक्यांवर टिकली ती एकच, पिक्नोपोरसचे शेंदरी-तांबडे पंखे. ती उन्हाला दाद देत नाही.

बुंध्याकडचा भाग याच काळात कुठल्या कुठे गेला होता. मी दर ऑक्टोबरला सायकलच्या चाकाची तार हातानं खोडात दाबून पाहत असे. पहिल्या वर्षी तार वाकली. 2022 मध्ये बोटाच्या एका पेराइतकी गेली. 2024 मध्ये चार बोटं. सालीखाली मार्च महिन्यातही हाताला ओल लागायची. अंगणातल्या ओंडक्यात तार 2024 मध्येही वाकतच होती.

2022 च्या जूनमध्ये त्यांतला एक ओंडका लोटत नेऊन पऱ्याकाठी सावलीत मातीवर टेकवला. दोन पावसाळ्यांत त्यावर पांढरी कुज स्थिरावली, खालून वाळवीनं मातीचे बोळे काढले. बाकीचे दोन तसेच ठेवले, कारण म्हाताऱ्या माणसांना बसायला ते खरंच उपयोगी पडतात.

दुसरी चूक मला जास्त बोचते. 2021 च्या श्रावणात एका घरातल्या दोघांनी ओंडक्यावरची अळंबी काढून रस्सा केला. रात्रभर उलट्या आणि जुलाब. आरोग्य केंद्रात नेलं, सलाईन लागलं, तिसऱ्या दिवशी घरी आली. कोणती अळंबी होती ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, कारण टोपलीत काही उरलं नव्हतं. कोकणात आपण विश्वासानं खातो ती पहिल्या पावसातली अळंबी वारुळावर येते. वाळवी तिच्या घरात जी बुरशी पिकवते तिचीच ती छत्री. लाकडावर उगवणाऱ्यांशी तिचा संबंध नाही. हा फरक जाणत्या बायकांना ठाऊक असतो, पण मुंबईत वाढलेल्या त्या जोडप्याला कुणी सांगितला नव्हता. गावानं ओंडका ठेवला तो माझ्या सांगण्यावरून, तेव्हा त्यावर काय उगवेल आणि काय खायचं नाही, हे पहिल्याच दिवशी सांगणं माझं काम होतं. मी सौंदर्य सांगत बसले आणि धोका सांगायचा राहिला. आता दर जूनमध्ये देवळाच्या खांबावर सूचना लागते.

परिणाम

बुंध्याकडचा भाग अजून लांबीला तेवढाच दिसतो, पण पायानं दाबला तर दबतो. वजन गेलंय, आकार राहिलाय. वरच्या खोबणींत माती साठून सातवीण आणि जांभळाची रोपं उभी आहेत. आजूबाजूच्या जमिनीवरची रोपं मे महिन्यात माना टाकतात तेव्हा ही हिरवी असतात. गेल्या उन्हाळ्यात मी सात मोजली. त्यांतली किती टिकतील ते पुढे दिसेल. शेजारच्या उभ्या झाडांपैकी एकावरही या काळात नवी कुज आढळली नाही. वाडीवाल्यांपैकी एकजण दर वर्षी स्वतः फिरून पाहतो आणि मला कळवतो. बागेतले माडही शाबूत आहेत.

ककणेर मात्र राईत घरट्याला परत आले नाहीत. पलीकडच्या डोंगरावर जोडी दिसते. पडलेल्या खोडातली ढोली त्यांच्या उपयोगाची नसते, त्यांना उभ्या झाडातली लागते, आणि अशी नवी ढोली व्हायला जो काळ लागतो तो माझ्या हयातीपेक्षा मोठा असेल. ओंडका राखून आपण सगळं राखलं, असं समजू नये.

गुरवांच्या आईनं सभेत सांगितलं होतं की त्यांच्या लहानपणी पावसाळ्याच्या रात्री राईतली कुजकी लाकडं हिरवी चमकायची. सह्याद्रीत अशी बुरशी आहे. भीमाशंकरच्या जंगलात आणि गोव्यात म्हादईच्या खोऱ्यात लोक ती पाहायला जातात. आमच्या ओंडक्यावर ती अजून दिसलेली नाही. आजी आता नव्वदीच्या आहेत आणि दर श्रावणात विचारतात.

पुन्हा वेळ आली तर

सभेच्या आधी गुरवांना एकट्यानं भेटेन. मी आधी तरुणांशी बोलले, त्यामुळे मानकऱ्यांना वाटलं की बाहेरची बाई विक्रीच्या बाजूनं आली आहे, आणि पहिला तासभर त्यातच गेला. त्यांचा जुना नियम आणि माझं म्हणणं एकच होतं, हे दोघांनाही फार उशिरा कळलं.

साल काढू देणार नाही. वाटेवरून कापलेला भाग शक्य तेवढ्या लांब तुकड्यात, सावलीत, मातीवर ठेवीन. बारीक तुकडे लवकर सुकतात. सुरुवातीलाच कापाच्या चकत्या मोजून, वाळवून, वजन करून ठेवीन. माझ्याकडे पाच वर्षांचे फोटो आहेत आणि सायकलची तार आहे, पण लाकूड नेमकं किती घटलं ते मी सांगू शकत नाही.

सरपणाचा वाटा मात्र तसाच ठेवीन. त्या जूनमध्ये लोकांच्या चुली त्यावर पेटल्या, आणि गावाला त्यातून काहीच मिळालं नसतं तर बुंधा पहिल्या होळीलाच गेला असता, असं मला आजही वाटतं.

आता देवळाच्या मागे एक किंजळ वाळून उभा आहे. वादळात त्याची मुळं हलली होती. कललाय देवळाच्या दिशेनं, आणि वर दोन ठिकाणी सुतारपक्ष्यानं भोकं पाडली आहेत. सरपंच म्हणतात मुळापासून काढा. गुरव म्हणतात हात लावू नका. माझं म्हणणं, बारा फुटांवर कापावा, वरचा भाग पऱ्याकाठी आडवा टाकावा आणि खालचा खुंट उभा सोडावा. बारा फुटांचा खुंट कुठेही पडला तरी देवळाला लागणार नाही, हे काल आम्ही दोरी धरून मोजलं. रविवारी सभा आहे. शनिवारी संध्याकाळी मी गुरवांकडे जाणार आहे.